तिसऱ्या ओळीतली चूक

काकू, देसले सरांच्या घरची मंडळी, हेडसर, आणि या हॉलात परत एकदा बाकड्यांवर दाटीवाटीनं बसलेली आमची जुनी पोरं-पोरी... मला बोलायला उभं केलंय खरं. मी मुरबाडात ब्लाउज शिवणारी बाई. माप घ्यायला सांगा, घेते. भाषण जमत नाय. सांभाळून घ्या.

सर जाऊन आज दहा दिवस झाले. सगळी म्हणतात, वाईट झालं. झालंच. पण खरं सांगू? मला आतून हलकं वाटतंय. रागवू नका. का हलकं वाटतंय, तेवढंच सांगते न् बसते.

सरांची खोड तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतल्या नव्या पोरांसाठी सांगते. सर रोज फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकवायचे. कधी चिन्ह उलटं, कधी हातचा गिळलेला. मग खडू ठेवून विचारायचे, "काय? पटलं?" आमी माना डोलवायचो. की डस्टर आपटलंच! "नंदीबैलांनो! माझं पण तपासून घ्या रे!"

मी म्हसा गावाच्या पुढल्या पाड्यावरली. आमच्या घरात मोठ्या माणसाला "तुमचं चुकलं" म्हणायची कुणाची टाप नव्हती. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा बाकड्याची कड धरून उभी राहिले. "सर, दुसऱ्या ओळीत उणे पायजे." सर थांबले. खडू माझ्या हातात दिला. "ये गो. दुरुस्त कर." बस, तेवढंच. पण तेव्हापासून गिऱ्हाईक असो, सासू असो, सरपंच असो, चुकलं तर मी तोंडावर सांगते. आमचे हे म्हणतात, त्या मास्तरानं तुला पार बिघडवली.

गेल्या दिवाळीनंतर सरांना विसरायला व्हायला लागलं. काकूंबरोबर शहापूरला मुलाकडं होते. मी भेटायला गेले. सर ओटीवर, मांडीवर पाटी. माझं नाव आठवलं नाय, पण "म्हसा" म्हणाले. मग पाटीवर गणित सोडवलं. सोपं, आठवीतलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं, सात आठे चोपन्न. पाटी माझ्यापुढं धरली. "काय? पटलं?"

मी काय म्हणाले असेन? "हो सर. एकदम बरोबर."

सरांनी पाटी पालथी ठेवली. माझ्याबरोबर चहा पण घेतला नाय.

घरी येऊन मशीनवर बसले, तर बाही उलटी जोडली. उसवली, परत उलटी! जिवाला चैन नाय. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, म्हणून गप्प बसले ना मी? दया केली. कुणावर? ज्यानं जन्मभर सांगितलं नंदीबैल होऊ नका, त्याच्यापुढंच मान डोलवली. लाज वाटली हो मला.

आणि एक दिवस काकूंचा फोन. "सर जेवत नायत गो. डॉक्टर म्हणतात, दिवस थोडे राहिलेत." तशीच उठले. दुकानाला कुलूप घातलं, किन्हवलीवरून शहापूरला जाणारी एसटी पकडली. सगळ्या वाटेनं एकच धाकधूक. पोचेपर्यंत सर असतील ना?

होते. पलंगावर होते. मी पाटी घेतली. तेच गणित लिहिलं, तीच चूक लिहिली. म्हटलं, "सर, त्या दिवशी मी खोटं बोलले. तिसऱ्या ओळीत चुकलंय. सात आठे छप्पन्न."

सरांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग गालातल्या गालात हसले. उशाशी खडू होता, तो माझ्या हातात दिला. "किती उशीर गो," म्हणाले. "दुरुस्त कर."

हुश्श! असं सुटल्यासारखं वाटलं! ती चूक सरांनी मुद्दाम केलेली, का खरंच विसरलेले? मला ठाऊक नाय. काकूंनाही नाय. मी दुरुस्त केली. त्या दिवशी सर वरणभाताचे चार घास जेवले. चार दिवसांनी गेले. गाठ पडली नसती तर आज या सभेला यायला मला तोंड नसतं.

आता शेवटचं. माझ्यामागं सरांचा हा मोठा फ्लेक्स लावलाय. फोटो छान आहे. खाली जन्मसाल आहे, तेही बरोबर. आणि त्याच्या खाली वय. मघापासून बघते, पुढच्या बाकावरचे वर बघतात, बोटं मोजतात, न् मान खाली घालतात. शोकसभेत कसं बोलायचं, नाय का?

अरे, वजाबाकी चुकलीय! सरांचं वय एक वर्षानं जास्त लिहिलंय!

काकू, चालेल ना? ...बघा, काकू हसल्या. माझ्या पिशवीत कापडावर खुणा करायचा खडू आहे. यावर उमटतो का बघते. तोवर सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाय. फक्त दोनच मिनिटं. त्यानंतर कुठंही चूक दिसली, तर गप्प बसायचं नाय.

सर, हात वर केलाय.