उजव्या बोटाची शाई

...आणि तीन दिवस भिजवलेला गहू काय निवडणूक आयोगाला विचारून आंबतो का, तुम्हीच सांगा! चीक शिजवून कुरडया घालायच्या, नेमकं त्याच दिवशी लोकसभेचं मतदान. आमच्या कोरेगावाकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे पत्र्यावर कुरडई तासात वाळते, मग रांगेत बाईमाणूस का नाही वाळणार?

पण सासूबाई ऐकतील तर ना. रंगुबाई त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी. सकाळी सातला पहिलं मत देऊन आल्या आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याला एकच... "आधी बोट दाखव." शाई दिसली तर चहा, नाहीतर माघारी.

ग्रामपंचायतीला असं बसावं लागत नाही हो. तेव्हा पुण्याहून गाड्या भरभरून माणसं येतात, आजाऱ्याला खाटेसकट नेतात, कारण कोण आलं नाही ते संध्याकाळी पारावर कळतं. दिल्लीसाठी कोण विचारतंय? पुतण्या ऋषिराज मेलबर्नला असतो. तो फोनवर म्हणाला, काकी, काही देशांत निम्मे लोकही जात नाहीत, पण इकडं मत चुकवलं की दंडाची चिठ्ठी घरी येते, म्हणून दहातले नऊ जातात. हे सासूबाईंनी ऐकलं मात्र... तिथल्या सरकारला जमतंय, मग मला का न्हाई, म्हणाल्या. तेव्हापासून ही खुर्ची!

मी काय केलं, नातीचा मार्कर घेतला आणि बोटावर रेघ ओढली. मी डावखुरी. रेघ उमटली उजव्या बोटावर.

सासूबाईंनी बोट धरलं, उलटसुलट केलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, "शालू, शाई डाव्या बोटाला लावत्यात गं."

साडेपाच वाजलेले. चिकानं भरलेले हात तसेच घेऊन मी शाळेकडं पळाले, तर तिथला अधिकारी उजव्या बोटाकडं बघून थबकला. ताई, मत देऊन गेला होतात का, म्हणाला. तुम्हाला सांगते, आधी दोनदा दिल्लीचं मत हुकलं तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण हातातलं जातंय म्हटल्यावर डोळ्यांत पाणीच आलं.

मागं काठी वाजली. सासूबाई! त्याच उन्हातून, दुसऱ्यांदा.

"सायेब, यादी बघा. तिच्या नावापुढं सही न्हाई. चोरी घरातली हाय, मताची न्हाई. घरातलीचं मी बघती."

यादी बघितली, सही नव्हती. डाव्या बोटाला खरी शाई लागली, बटण दाबलं, बीप वाजला. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या चालल्या. दिल्लीत बसलेल्यांना ठाऊक तरी असेल का, त्यांची मतं कुणाच्या खुर्चीमुळं वाढतात ते?

घरी आले तर चीक जास्तच आंबून वाया गेलेला. ऋषिराज म्हणतो, तिकडं एकदा दंड भरला की सुटका. आमच्याकडं कुठली? शाई गेली, कुरडया गेल्या, पण अजून सकाळी चहाला बसले की सासूबाई कप मागं धरतात आणि गालात हसतात... "आधी बोट दाखव."

मी दाखवते. दोन्ही हातांची.