अण्णांच्या शेतातली सीताफळं

लग्नानंतर माहेरची पहिली सीताफळं आली की गल्लीत वाटायची, एवढं मला ठाऊक होतं. ती कशात घालून वाटायची यावरून घर पेटेल, हे मात्र ठाऊक नव्हतं.

माझे वडील, अण्णा, भोकरहून बसने टोपलं घेऊन आले होते. खाली-वर पळसाची पानं, मधे डोळे उघडलेली सीताफळं. ते चहा पिऊन गेले आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी, थर्माकोलच्या ताटल्या आणि चकचकीत प्लास्टिक काढलं.

"ती पानं फेक गं. लई गावठी दिसून राहिलं. असं गुंडाळलं की कसं मॉलमधून आणल्यावानी वाटतंय."

"पण अण्णांच्या शेतातली हायेत ती."

"ते कुणाला सांगायची गरज न्हाई."

प्लास्टिकमध्ये फळाला घाम सुटतो, त्या ताटल्या आपण मेल्यावरही उकिरड्यावर तशाच राहतात, असं बरंच बोलता आलं असतं. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि बोलायची इच्छाच गेली. गुंडाळलेली फळं मी सोडवली, परत पानांत ठेवली, टॉवेलची चुंबळ केली आणि टोपलं डोक्यावर घेतलं.

आत्याबाई दारापर्यंत धावत आल्या. "अगं ए, नवी नवरी तू! डोक्यावर टोपलं घेऊन गल्लीतून चाललीस? सगळे बघतेत की!"

"हाव आत्याबाई," मी उंबरा ओलांडत म्हटलं, "नवी हाय तोवरच बघतेत. म्हणून तर आजच निघाले."