चाळीस शर्टांची काजं

(ताईच्या शिंप्याच्या दुकानात.)

ताई: चाळीसही शर्ट एकाच मापाचे शिवून घेतलेस? तुमच्या दलात तो बेकरीवाला आहे ना? पहिल्याच घोषणेला बटणं उडतील त्याची.

भाऊ: चेष्टा पुरे. गणवेश आहे तो. रविवारी मोर्चा आहे आमचा.

ताई: कुठे?

भाऊ: मागच्या गल्लीत. बाहेरून आलेल्यांना सांगायचंय, सामान बांधा.

ताई: म्हणजे आपल्या काजवाल्या काकांनाच की.

भाऊ: काकांचं कोण बोलतंय? काका आपले आहेत. त्यांच्या दारावरून आम्ही गुपचूप जाऊ.

ताई: शेजारी त्यांची मुलगी राहते.

भाऊ: बरं, तिथेही नाही ओरडणार.

ताई: पलीकडे तिचं सासर. बाबा रे, कुठे ओरडायचं ते लिहूनच घे.

भाऊ: शर्ट देणार आहेस की नाही?

ताई: हा काय गठ्ठा. शिवून तयार आहेत.

भाऊ: अगं, याला काजंच नाहीत. बटणं लावायची कशात?

ताई: या दुकानात काजं कोण करतं, विसरलास? आणि गळ्याचं काज काका अंगावर बघितल्याशिवाय करत नाहीत. बाबांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. तुझ्या शाळेच्या पहिल्या शर्टाला नव्हतास का गेला?

भाऊ: दुसरीकडून करून घेतो.

ताई: घे की. पण काकांना काही झालं ना, तर या दुकानाची पायरी चढू नकोस. भाऊ असलास तरी.

भाऊ: आण तो गठ्ठा इकडे.

(मागच्या गल्लीत, काकांच्या दारात.)

काका: ये रे. केवढा गठ्ठा हा. कुणाचं लग्न?

भाऊ: लग्न नाही. मोर्चा आहे, काका. रविवारी.

काका: माहितीये. भिंतीवर कागद लावून गेलेत तुमचे. मान वर कर, गळा बघू दे.

भाऊ: माहिती असून काजं करणार?

काका: काम आहे माझं. एवढंच सांग, आम्ही निघायचं ते काजं झाल्यावर, की आधी?

भाऊ: काका, तसं नाही हो.

काका: मग कसं? नात रोज विचारते, शाळेत जाऊ का म्हणून. तिला काय सांगू?

भाऊ: जा म्हणावं. मी सोडायला येतो.

काका: आणि बाकीचे एकोणचाळीस?

भाऊ: त्यांनाही पाठवतो गळा दाखवायला. शर्ट कशाला हवाय, ते तुमच्यासमोर बसून सांगू देत.

काका: पाठव. पण एकेकालाच हं. बसायला खुर्ची एकच आहे.