मागच्या जिन्यातलं धान

…नाही जी, तिकडं काही नाही. इकडून पाहा ना साहेब — आगीची तपासणी कराले आलात, तं आधी आमची इमारत तं पाहा! हा मधातला मोकळा चौक, वरतं काच — भर पावसाळ्यातही दिवसा लाइट लावा लागत नाही. खाली चारी बाजूनं पुस्तकाचे रॅक, वरतं वाचनाची खोली. विद्यापीठाच्या कोण्या लायब्ररीले असा उजेड आहे, सांगा बरं? आता उजेड येते तसा धूरही — म्हणजे खाली काही पेटलं, तं याच चौकातून सीधा वरतं जाईन, हे खरं. पण पेटते कायले? नाही पेटत.

खिडक्या? खिडक्यायले जाळ्या ठोकल्या जी, माकडं येऊन पुस्तकं फाडत होते. उतराले हा समोरचा जिना आहे ना — हो, मीटरचा बोर्ड त्याच्याच खाली आहे. म्हणून तं नकाशात मागं दुसरा जिना काढला, वावराकडं उघडणारा. तो… बंद आहे. कुलूप आहे. किल्ली माह्यापाशीच, ग्रंथपाल मीच ना! तुमी विचारून काहून नाही राहिले, कुलूप कायले म्हणून? विचारा ना साहेब!

धान आहे तिथं. माहं. अड्याळच्या वावरातलं. चुरणा झाला, धान पोत्यात भरलं अन् अवकाळी पाणी आलं — घरची छपरी गळते, पोती नेऊ कुठं? इथं कोरडं आहे, म्हटलं चार दिवस ठेवू. मंग उचलाले मनच होईना — घरी नेलं तं सडून जाईन. वरतं पोरी परीक्षेचा अभ्यास करून राहिल्या अन् मी खाली बसून छताकडं पाहतो. लाज वाटते जी. जेवण गोड लागत नाही.

हसता काहून? …सानगडीचे तुमी? तुमचंही भिजलं? कापलेलं होतं? बांधीतल्या पाण्यातच कोंब फुटले — अरेरे, लय वाईट झालं. नाही, पण — मले समजून नोका घेऊ साहेब! तुमी रागवावं म्हणून सांगितलं मी. नोटीस द्या, दोन शब्द बोला, किल्ली मागा, आत्ता काढून देतो. सारं ठीक म्हणून सही कायले करता? थांबा… माही पोरगी, डिंपल, वरतंच बसली आहे — त्या जाळीच्या खिडकीपाशी…

केली?

बरं. तुमी तं मोकळे झाले साहेब. या आता.