पुढून दोन इंच

मोंटानातल्या गॅरेजात मी टायर बदलायला थांबलो होतो. शेजारी म्हातारा वेंडेल आणि त्याची बायको अर्लीन मेकॅनिकशी बोलत होते.

“पिकअप पुढून झुकलेली दिसते,” वेंडेल म्हणाला. “लेव्हलिंग किट घालून पुढची बाजू दोन इंच उचल, मागच्या बरोबरीला आण.”

“मागे काय ओढता?”

“घोडीचा ट्रेलर.”

“ओढायचो,” अर्लीन म्हणाली. “हिवाळ्यात घोडी गेली आमची.”

“मग बसवतो. ट्रेलर असता तर नको म्हटलं असतं. गाडी मागून दबते, नाक वर जातं, दिवे आभाळाला लागतात.”

“अर्लीन, काल स्वप्नात फाटकाशी एक शिंगरू उभं होतं.”

“या वयात शिंगरू? वेड लागलंय तुला!”

“नुसतं बघत होतं गं.”

“कुठल्या रंगाचं?”

“धुक्याच्या.”

अर्लीन मेकॅनिककडे वळली. “किट राहू दे रे बाबा. गाडी आहे तशीच बरी.”