वीतभर जास्त

मंडळाच्या अध्यक्ष यामिनीताई, प्रमुख पाहुणे डॉक्टर परीक्षित, आजचे सत्कारमूर्ती नेनाद, आणि शॉमबर्गच्या या हॉलबाहेर पार्किंग शोधून वेळेवर आत पोचलेले सर्व बंधू-भगिनी, नमस्कार. माझी नात स्वानंदी नेनादशेजारी बसून माझं बोलणं त्याला इंग्लिशमध्ये सांगते आहे, म्हणून मी सावकाश बोलेन. एरवी घरात मला कोणी इतका वेळ देत नाही.

नेनाद सर्बियाचा. एकोणिसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली, बाविसाव्या वर्षी हातात भाला आला. अंध खेळाडूंच्या भालाफेकीत त्यानं देशाला युरोपात दोन पदकं मिळवून दिली. मग बहिणीच्या मागोमाग इथे अमेरिकेत आला आणि डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट झाला. या हॉलमध्ये असा कोणता गुडघा आहे, जो त्याच्या हाताखालून गेलेला नाही?

माझा खांदा त्यानं बरा केला. मी विचारलं, तुझ्यासाठी काय करू? म्हणाला, संध्याकाळी ग्राउंडवर या. त्याला दिशा कळावी म्हणून समोरून कोणीतरी हाक द्यायची, भाला परत आणायचा आणि अंतर मोजून सांगायचं. मी निवृत्त भूमापक. तासगाव तालुक्यात चौतीस वर्षं जमिनी मोजल्या, आणि मुलाकडे राहायला आल्यापासून मोजायला काही उरलंच नव्हतं. काय सांगू, मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

आठ उन्हाळे मी तिथे टाळ्या वाजवत "इकडे, इकडे" असं ओरडलो. आमच्या सौ. शोभनाला वाटायचं, हा भाला एक दिवस यांनाच लागणार. नेनाद हाकेच्या रोखानं धावायचा, भाला सुटायचा, आणि मी टेप गुंडाळत परत आलो की विचारायचा, "काका, किती?" त्याला मराठी येतं ते एवढंच.

आता थोडं माझ्याबद्दल. माफ करा, यामिनीताई, पाचच मिनिटं दिली आहेत हे लक्षात आहे. नोकरीत बांधावरून सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. टेप जरा ढिली धरा म्हणून लोक हात जोडायचे. मी कोणाला बोटभरही जास्त दिलं नाही.

मग नेनादला का दिलं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पॅरालिंपिकच्या पात्रतेसाठी त्याला पन्नास मीटर हवे होते. एका संध्याकाळी भाला एकोणपन्नास पंच्याऐंशीवर पडला. दिवसभर लोकांचे पाय चोळून आलेला माणूस समोर उभा होता. मी म्हणालो, "पन्नास मीटर सात." त्याचा चेहरा असा उजळला, की पुढचे तीन आठवडे मी प्रत्येक फेकीत वीतभर घालत गेलो. माझी वीत बावीस सेंटिमीटरची आहे. मी मोजली आहे.

तो दोन स्पर्धांना जाणार होता. पन्नास पार होतंय म्हटल्यावर क्लिनिकची रजा वाचवायला त्यानं दुसरी कॅन्सल केली. पहिल्या स्पर्धेत तो सोळा सेंटिमीटरनं हुकला. सगळ्यांना म्हणाला, टेन्शन आलं. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तो ग्राउंडवर आला, भाला फेकला आणि विचारलं, "काका, किती?" त्या दिवसापासून मी खरं मोजतो आहे.

पुढच्या आठवड्यात तो सर्बियात, नोवी सादला परत जातोय, तिथल्या अंध मुलांना शिकवायला. आता वयानं त्याची फेक उतरली आहे, तरी आज सकाळी त्यानं इथली शेवटची फेक केली. मी म्हणालो, एकेचाळीस मीटर छत्तीस. तो हसला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "तीन वर्षं झाली, काका, तुमची टेप बरोबर आहे."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्या स्पर्धेच्या दिवशीच त्याच्या हातानं त्याला सांगितलं असणार, की ही तीच फेक आहे, जिला काका पन्नास म्हणत होते. आणि तरीही तो माझ्या हाकेवर धावत राहिला.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर आपण पोटात घाला. पण एक अधिक असं आहे, जे आपण नाही, फक्त त्यानंच माफ करायचं आहे.

स्वानंदी, थांबू नकोस. हेही त्याला सांग.