पेटीवर बसलेला बाप

एकोणऐंशी सालची गोष्ट. मंगरूळपीरच्या स्टँडवर लिलाबाई मानोऱ्याच्या बसची वाट पाहत होती. शेजारी जगदेव मास्तर लेकीच्या पत्र्याच्या पेटीवर ठाण मांडून बसले होते आणि लेक, विशाखा, समोर उभी होती. लिलाबाईचे कान तिकडंच लागले.

“बाबा, उठा. नागपूरची गाडी लागली.”

“नाही उठत. एमेस्सी झाली ना तुही? आता उंदरं पाळाले काहून जातं?”

“पाळाले नाही. तिथं प्रयोगशाळेत रोज उंदराचं पिलू मायपासून पंधरा मिनिटं दूर ठेवतेत आन् परत देतेत. असं पिलू मोठं झाल्यावर संकटात कमी घाबरते.”

“आन् माणूस?”

“तेच तर पाहाचं हाय. आत्याचं डोकं फिरल्यावर तुमी दवाखाना केला, दर्गा केला. फिराच्या आदी काय करता येते, हे कोणंच नाही पाह्यलं.”

“जमंल का तुले?”

“जमेपर्यंत करीन.”

“लेकरू मायपासून तोडनं पाप हाय, पोरी.”

“माय वावरात निंदाले जाये तवा मले झाडाखाली झोळीतच टाके ना? वावराच्या टोकाले पात सरली का येऊन उचले. मी बिघडली काय?”

कंडक्टरनं घंटी मारली.

“पिलू पंधरा मिनिटं. मंग तू किती?”

“तीन वर्षं, बाबा.”

मास्तर तसेच बसून राहिले. लिलाबाईच उठली आणि नागपूरच्या बसच्या दारात जाऊन उभी राहिली.

“थांब रे बाप्पा! मास्तर उठून राह्यले.”